सहा की दहा

आपलं डोकं कामातून जातंय, अशी आईची खात्री पटली ती चाळीस शर्टांमुळे. आईच्या शिवणाच्या दुकानात बालवर्गाच्या गणवेशांची ऑर्डर होती. शाळेच्या बाईंनी अर्धी बाही सहा इंच सांगितली, आईने दहा कापली. चाळीसच्या चाळीस. "तुम्ही दहाच म्हणालात हो," आई शपथेवर सांगत होती. बाई म्हणाल्या, "अहो, एवढ्याशा पोरांना दहा इंच? हातमोजे वेगळे शिवायला नकोत मग!" दुकानातले सगळे हसले. आईही हसली, पण तिचा चेहरा पार उतरला होता.

तिच्या आईचंही असंच सुरू झालं होतं. आधी निरोप विसरायची, मग गॅस, आणि शेवटी पोटच्या मुलीला "तुम्ही कोण?" म्हणायला लागली. त्यामुळे आईने वाद घातला नाही, रडारड केली नाही. दुसऱ्या दिवशी हाताखालच्या ताईला म्हणाली, "यापुढे कटिंग तू कर. मी आपली काजबटण करत बसते." पंचवीस वर्षं ज्या टेबलाला तिने कुणाला हात लावू दिला नव्हता, ते तिने एका वाक्यात देऊन टाकलं. बाबांनी मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली, तीन आठवड्यांनंतरची. तोवर ते येईल त्याला सांगत सुटले, "हिला हल्ली सांगितलेलं काही लक्षातच राहत नाही."

माझ्या नाकावर राग असतो. मीही दिवसातून दहादा ओरडायचे, "किती वेळा सांगू गं?" आता आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

अकरावीला मी मानसशास्त्र घेतलंय. आमच्या मॅडमना सगळे 'पुरावा मॅडम' म्हणतात, कारण कुणी काहीही बोललं की त्यांचा एकच प्रश्न, "पुरावा काय?" प्रकल्पासाठी मी स्मरणशक्ती हा विषय घेतला. मॅडमना सांगितलं, आवड म्हणून. खरं कारण एवढंच होतं की तीन आठवडे थांबायचा दम माझ्यात नव्हता.

"यात दोन चल आहेत," मी आईला समजावलं.

"चल म्हणजे? कुठे जायचंय?"

"जायचं नाही गं! बदलणाऱ्या गोष्टीला चल म्हणतात."

"मग बदल म्हणा की," आई म्हणाली आणि हातातलं बटण खाली ठेवून शहाण्या मुलीसारखी बसली.

मी सगळं पुस्तकाबरहुकूम केलं. दुपारी, मशीनं बंद असताना. प्रयोग करणाऱ्याच्या चेहऱ्यावरून उत्तर कळू नये असं पुस्तकात होतं, म्हणून मी आईच्या पाठीमागे स्टुलावर बसले. वीस शब्द सावकाश वाचले. मग आईने आठवतील तेवढे सांगायचे.

तिला सात आठवले. ते एकवेळ चाललं असतं. पण त्याशिवाय तिने चार शब्द असे सांगितले, जे यादीत नव्हतेच. भूत, बाप, हात, दहा. तेही अगदी ठामपणे. न घडलेलं आठवायला लागणं हे विसरण्याच्याही पुढचं, असं मला वाटलं. आईने विचारलं, "किती मार्क?" मी म्हटलं, "छान झालं," आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

दुसऱ्या दिवशी मॅडमपुढे कागद ठेवला. हा प्रयुक्त, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग केला तो माणूस, कोण हे त्यांनी विचारलं नाही. माझ्याकडे बघून त्यांना कळलं असावं. त्या बराच वेळ वाचत होत्या.

"बरोबर आलेले शब्द सोड," त्या म्हणाल्या. "चुकलेले मोठ्याने वाच. आणि यादीत त्यांच्या जागी काय होतं तेही."

"भूत. यादीत सूत होतं. बाप, यादीत साप. हात, यादीत सात. दहा..." मी थांबले. "सहा."

"विसरणारा माणूस इतकं शिस्तीत विसरतो का? सगळे शब्द 'स'चेच?" मॅडम म्हणाल्या. "तू बसली कुठे होतीस?"

"पाठीमागे."

"म्हणजे ओठ दिसत नव्हते. मग तू मोजलंस काय? लक्षात राहिलेलं, की ऐकू आलेलं?"

मी जवळजवळ पळतच घरी गेले. या वेळी दोन नव्या याद्या केल्या. एक पाठीमागून वाचली, दुसरी एकेक शब्द कार्डावर लिहून दाखवली. तुलनेला बाबांना बसवलं. बाबांना वाचलेले आठ आठवले, कार्डावरचे नऊ. आईला वाचलेले सहा आठवले, आणि कार्डावरचे सोळा. नसलेला शब्द एकही नाही. "हिला लक्षात राहत नाही" म्हणणाऱ्या माणसाच्या जवळजवळ दुप्पट! बाबांनी दोनदा मोजलं. मग गुपचूप कानाच्या डॉक्टरांना फोन लावला.

मॅडमनी बजावलं होतंच, "दोन माणसं म्हणजे पुरावा नव्हे. तपासायला जायला कारण आहे, एवढंच म्हण." म्हणून मी घरी काही बोलले नाही. जीव मात्र नुसता वरखाली होत होता.

कानाच्या डॉक्टरांनी आईला काचेच्या खोलीत बसवून हेडफोन लावला. बाहेर आल्यावर आलेख दाखवला. जाड आवाज ठीक, बारीक आवाज दोन्ही कानांना जवळजवळ पोचतच नव्हते. "स, श, फ, सगळे त्यातलेच," ते म्हणाले. "इतकी वर्षं मशीनच्या आवाजात बसलात ना? यंत्र लावलं की पुष्कळ फरक पडेल." पुढच्या सोमवारी मेंदूच्या डॉक्टरांनी सगळे प्रश्न लिहून विचारले, तासभर. शेवटी म्हणाले, "यांना कशाला आणलंत? उत्तम आहे सगळं." आमचा जीव भांड्यात पडला. बाबा तर रिसेप्शनवरच्या बाईंना तीनदा थँक्यू म्हणाले.

फाटकाबाहेर बाबा रिक्षा बघायला पुढे गेले. आई माझ्याकडे वळली, माझे ओठ दिसतील अशी.

"रोज पहाटे पडल्या पडल्या उजळणी करायचे," ती म्हणाली. "तुझं नाव. जन्मतारीख. जन्मलीस तेव्हा वजन किती होतं ते. एक जरी चुकलं, तर त्याच दिवशी तुम्हाला सांगून टाकायचं ठरवलं होतं. तुझ्याकडे बघून 'तू कोण' म्हणायच्या आत."

मी विचारलं, "चुकलं कधी?"

"एकदाही नाही." तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला, मग नेहमीसारखी एक टपली मारली. "उद्या मी सातपर्यंत झोपणार आहे. उठवलंस तर बघ."