क्लॅरिनेटवालीचे पहिले गुरू

सुलोचनाबाईंना चौकशी केल्याशिवाय अन्न गोड लागत नसे. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण समोरचा कोण, कुठला, कोणाचा, हे कळल्याखेरीज त्यांच्या जिवाला चैन नाही. म्हणून तर गोंदियाच्या रेल्वे लाइनीपलीकडच्या चर्चमध्ये नाताळाआधी वाद्यसंगीताचा कार्यक्रम ठरला, तेव्हा कलाकारांची ओळख करून द्यायचं काम पाळकसाहेबांनी डोळे झाकून बाईंच्या गळ्यात घातलं. बाईंना तेच हवं होतं.

दुपारी तालमीला तिघं आली. पियानोवाल्या नीलेशनं लगेच सगळं सांगून टाकलं. वसतिगृहातल्या प्रार्थनाघरात झाडू मारायची पाळी त्याची, आणि वॉर्डन जेवायला गेले की तिथल्या पियानोचं झाकणही तोच उघडायचा. माणसाएवढा चेलो, म्हणजे थोरलं व्हायोलिनच, कवटाळून बसलेला भूपेंद्र कोहमाऱ्याचा, बापाचा हायवेवर ढाबा. "ट्रकवाले हॉर्न मारत, अन् मी त्याचा सूर पकडून राहायचो," तो म्हणाला. बाई खूश! असल्या गोष्टी ऐकायलाच तर त्या आल्या होत्या.

क्लॅरिनेटवाली चेतना मात्र "चेन्नईला शिकले" एवढं बोलून गप्प. पण ती वाजवू लागली आणि बाईंची नजर तिच्या पायांवर गेली. बया खुर्चीत बसून चालत होती! डावा, उजवा, डावा, उजवा.

"काऊन वो पोरी," बाईंनी तिला बाजूला घेतलं, "बसल्या जागी कुठं चालून राहिलीस?"

चेतना आधी हसली, मग तिचे डोळे भरले. "वरातीत शिकली मी, बाई. माहे बाबा कुडव्याले बँड चालवतात. उदेभान मास्तर. चालता चालताच शिकवलं त्यांनी मले."

"मग सांग ना छाती ठोकून!"

"शब्द दिला हाय. नागपूरच्या पहिल्या क्लासात सर म्हणाले, ही तर बँडवाल्याची फुंक. सारी पोरं हसली. बाबा दारातच उभे होते. तवाच त्यांनी बजावलं, माहं नाव तुया वाजवण्यात आणाचं नाई. स्टेजवर त्यांनी मले एकदाही ऐकलं नाई, बाई. आज येतो म्हणाले. पण नाव निघालं तर उठून जातील. तुमी नका सांगू."

"नाही सांगत," बाई म्हणाल्या खऱ्या, पण नाइलाजानं. एवढी मोठी गोष्ट हाती लागावी आणि मुकाट्यानं गिळावी लागावी, हा काय न्याय झाला? त्यांना त्या क्लासातल्या सरांचा असा राग आला की बस.

संध्याकाळी बाकं भरली. बाईंनी नीलेशचा झाडू सांगितला, भूपेंद्रचे हॉर्न सांगितले, आणि चेतनाचं चेन्नई सांगून पुढचं गिळून टाकलं. दाराजवळच्या शेवटच्या बाकावर पांढरा सदरा घातलेला एक किडकिडीत माणूस अगदी कडेला टेकला होता, जणू आत्ताच उठायचंय. बाईंनी ओळखलं.

दुसरी रचना रंगात आली आणि क्लॅरिनेट चिरकलं. तोंडाकडची वेताची पत्ती चिरली होती. नवी होती पिशवीत, पण कोरडी पत्ती थोडीच वाजते! चेतना घाबरीघुबरी होऊन ती तोंडात भिजवू लागली. वाजवणं थांबलं, लोक कुजबुजू लागले.

शेवटच्या बाकावरचा माणूस उठला. बाकांच्या मधून सरळ पुढे आला, वरातीतल्या सवयीनं गालात भिजत धरलेली पत्ती काढली आणि चेतनाच्या हातावर ठेवली. तिनं ती पुसलीसुद्धा नाही. तशीच वाद्याला बांधली आणि ओठाला लावली.



"हे कोण?" पाळकसाहेबांनी बाईंना विचारलं.

"मला विचारू नका," बाई कळवळून म्हणाल्या, "माझं तोंड बांधलंय."

"कोणी नाई जी मी," उदेभान मास्तर खाली मान घालून म्हणाले. "रस्त्यानं जाऊन राहिलो होतो." ते परत फिरले.

"बाबा."

मास्तर जागीच थांबले.

"नाव नाई घेतलं मी," चेतना म्हणाली. "बाबा म्हणाची मनाई थोडीच केली होती तुमी? आता इथंच उभे राहा. हात द्या."

बँडमध्ये मास्तरांचा हात खाली आल्याशिवाय कोणी फुंकर मारत नाही. मास्तरांनी भीत भीत बाकांकडे पाहिलं. कोणीच हसत नव्हतं. त्यांचा हात मांडीशी चिकटून होता, तो हळूहळू वर आला. चेतना त्या हाताकडे पाहत होती. नीलेश आणि भूपेंद्रही तिकडेच पाहू लागले.

मास्तरांनी हात खाली आणला आणि तिघांनी एकदम सुरुवात केली.