अपेक्षाच्या वाट्याचं अंडं

अपेक्षा दोन वर्षांची असताना तिची हगवण थांबेना. तेव्हा तिच्या आजीने, गिरजाबाईने, गावाबाहेरच्या देवीला नवस बोलला होता, की पोरगी वाचली तर घरात अंडं, मासोळी, मटण शिजणार नाही. पोरगी वाचली आणि घराने शब्द पाळला. अड्याळच्या बाजारात गोसीखुर्द धरणाची ताजी मासोळी यायची, आणि या घरची माणसं तिकडे न बघता पुढे जायची.

आता अपेक्षा आठ वर्षांची होती, पण दिसायची पाचची. ओठांच्या कडा चिरलेल्या, गुडघ्यावरची जखम भरता भरत नव्हती. ताटातला भात आणि पातळ वरण ती नुसतं चिवडत बसायची. "मातीवानी लागते," म्हणायची. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, शरीरात जस्त कमी आहे. त्यांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "गोळ्या संपल्या की पुन्हा तेच होईल. नुसत्या भातावर ही वाढायची नाही. चणे, शेंगदाणे द्या, अंडं द्या, जमलं तर मासोळी, मटण."

रुपाने, अपेक्षाच्या आईने, हे घरी सांगितलं.

"ज्या नवसानं पोरगी जगली तोच मोडाचा काय वं?" गिरजाबाई म्हणाली. "तुह्या डॉक्टरनं वाचवली होती का तवा?"

सासरा सुखराम नुकताच बांधीतून, धानाच्या शेतातून, आला होता. धानाची पानं तांबूस पडली होती, म्हणून जस्ताचं खत टाकून आला होता.

"मामाजी," रुपा म्हणाली, "धानाले जस्त भेटते, अन् पोरीले नाही?"

"धानासाठी कोणी नवस नाही बोललं," सुखराम म्हणाला, आणि आपल्याच बोलण्यावर हसला.

रुपाने पुढे वाद घातला नाही. तिच्या सांगण्यावरून शेजारची शकुबाई अंडं उकडून ठेवू लागली. शाळेतून येताना अपेक्षा तिच्या सांदवाडीत, घरामागच्या मोकळ्या जागेत, ते खाऊन तोंड धुऊन घरी यायची. महिन्याभरात गुडघ्यावर खपली धरली. एकदा तिने भात मागून घेतला.

त्याच आठवड्यात तिचा बाप भूपेंद्र शहापूरजवळ गाडीवरून पडला. पाय मोडला. त्याला बघायला आलेली शकुबाई प्लास्टरकडे बघून घाबरली आणि रडत रडत सगळं सांगून बसली.

गिरजाबाई ओरडली नाही. तिने अपेक्षाला मांडीवर घेतलं, केसांवरून हात फिरवला.

"बाबाचा पाय काहून मोडला, समजलं ना बाई?"

अपेक्षाने मान हलवली.

"आई, पोरीले असं नका सांगू," रुपा म्हणाली.

"मंग काय सांगू? तूच सांग."

भूपेंद्र खाटेवर डोळे मिटून पडला होता. तो जागा आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं.

प्लास्टर निघालं. तोवर अंडं बंद झालेल्या अपेक्षाच्या गुडघ्याची जखम पुन्हा ओली झाली होती. रुपा अपेक्षाला घेऊन अड्याळच्या बसस्टँडवर गेली. तिथे तिने हातगाडीवरचं उकडलेलं अंडं घेतलं, सोललं आणि मीठ लावून पुढे केलं.

"खा माय. इथं कोणी पाहून नाही राहिलं."

अपेक्षाने चिरलेले ओठ घट्ट मिटले. मग म्हणाली, "बाबाचा दुसरा पाय मोडन."

"तसं नसते बेटा."

"तुले पक्कं मालूम हाय?"

रुपाच्या हातातलं अंडं गार होत गेलं. त्याच दिवशी सकाळी भूपेंद्र पाय मोडल्यानंतर पहिल्यांदा गाडी घेऊन बाहेर पडला होता. तो अजून घरी परतला नव्हता.

रुपाने पुन्हा खा म्हटलं नाही.