‘किडका चंद्र’साठी वाचक पाहिजे

दाताच्या डॉक्टरला एक सोय असते, जी दुसऱ्या कुठल्याही लेखकाच्या नशिबी नसते. त्याच्यासमोरचा माणूस तोंड उघडून पडलेला असतो आणि त्याला बोलता येत नाही. डॉक्टरांना ही सोय वापरायची बुद्धी जरा उशिराच झाली. नातवंडं खेळवायच्या वयात त्यांनी ‘किडका चंद्र’ हा आपला पहिला कथासंग्रह स्वतःच्या खर्चाने छापून घेतला, तेव्हा.

“बाहेर बसल्या बसल्या कथा वाचलीत का?” एका हातात आरसा आणि दुसऱ्या हातात ड्रिल घेऊन डॉक्टर विचारत.

“आं,” पेशंट म्हणे.

“आवडली?”

“आं आं.”

“आणि शेवट? चटका लागला की नाही?”

नेमका त्याच क्षणी ड्रिल नसेला लागे. पेशंटच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येई. डॉक्टर ते सगळं पाणी कथेच्या खात्यावर जमा करत.

पुस्तकाच्या प्रसिद्धीचं खातं मेहुण्याकडे होतं. मेहुणा पाणी शुद्ध करायची यंत्रं विकायचा, त्यामुळे काहीही विकता येतं यावर त्याचा गाढ विश्वास होता. “दाजी, पुस्तक काय कोणीही लिहितं,” तो म्हणायचा. “खरं काम पुढेच आहे.” मलपृष्ठासाठी त्याने डॉक्टरांचा फोटो काढला. गालावर हात, नजर दूर कुठेतरी. डॉक्टर त्यात विचारवंत दिसावेत अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात दाढ दुखणाऱ्या माणसाचा इतका हुबेहूब फोटो दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात नसेल.

मग मेहुण्याने कुटुंबाच्या ग्रुपवर फर्मान काढलं, की प्रत्येकाने पाच तारे द्यायचे आणि दोन ओळी लिहायच्या. सासरेबुवांनी ‘हातात घेतलं की खाली ठेववत नाही’ असं लिहिलं, तेव्हा पुस्तक अजून छापखान्यातून यायचं होतं. चुलत भावाने ‘शेवट वाचून रात्रभर झोप नाही’ असं लिहिलं. हा भाऊ आयुष्यात ज्या गोष्टीसाठी प्रसिद्ध होता ती गोष्ट म्हणजे झोप. प्रकाशनाला एक माजी प्राचार्य आले होते. ते म्हणाले, “शेवटच्या कथेबद्दल मी एक अक्षरही बोलणार नाही. तो आनंद मी तुमच्यापासून हिरावून घेणार नाही.” टाळ्या पडल्या. एक अक्षर न बोलण्याचं खरं कारण विचारायचं कोणाला सुचलं नाही.

एवढं सगळं होऊनही पुस्तकाचे खोके घरातल्या मागच्या खोलीत होते तसेच छताला टेकून उभे होते. ती खोली डॉक्टरीणबाईंची होती. त्या तिथे घरगुती शिकवणी घ्यायच्या. सध्या मुलं स्वयंपाकघरात बसून गणितं सोडवत होती आणि कुकरची शिट्टी झाली की हातचा विसरत होती.

“अहो,” एक दिवस बाई म्हणाल्या, “हे असंच चालणार का?”

“अगं, मोठ्या पुस्तकांना वेळ लागतो. बहात्तर जणांनी पाच तारे दिलेत.”

“बहात्तरमधले नातेवाईक किती?”

डॉक्टरांनी चष्मा पुसायला घेतला.

“आणि उरलेले तुमच्या खुर्चीतले,” बाई म्हणाल्या. “ज्याच्या तोंडात ड्रिल आहे तो काय पुस्तक वाईट आहे म्हणणार? माझं एकच म्हणणं आहे. नात्यातला नाही आणि तुमच्यापुढे तोंड उघडून पडलेला नाही, असा एक माणूस दाखवा, ज्याने हे पुस्तक शेवटपर्यंत वाचलंय. एकच. दाखवलात तर दुसरं पुस्तक खुशाल काढा, मी स्वतः खोके उचलीन. नाही दाखवलात तर महिनाअखेरीला खोली माझी, आणि लिहिणं बंद.”

“बंद म्हणजे?”

“बंद म्हणजे बंद.”

डॉक्टर हसले, पण ते हसणं ओठांच्या आत पोचलं नाही. दुसऱ्या पुस्तकाच्या चार कथा त्यांनी लिहून ठेवल्या होत्या. खरं सांगायचं तर दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडात बघितल्यावर संध्याकाळी कागदात बघायला मिळतं, एवढ्यासाठीच हल्ली त्यांना दिवस बरा वाटायचा. हे बायकोला सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर ती हसली असती.

तर वाचक मिळवणं आलं. डॉक्टरांनी आघाडी उघडली. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीतली जुनी मासिकं हटवून प्रत्येक खुर्चीवर एकेक ‘किडका चंद्र’ ठेवला. आणि सिस्टरना, म्हणजे त्यांच्याकडे वर्षानुवर्षं काम करणाऱ्या नर्सबाईंना, सूचना दिली, की पेशंटची कथा पुरी झाल्याशिवाय त्याला आत सोडायचं नाही.

“आणि दुखत असेल तर?” सिस्टरनी विचारलं.

“साहित्याने दुःख हलकं होतं.”

“बरं,” सिस्टर म्हणाल्या. पगार घेणाऱ्या माणसाने वाद घालू नये, हे त्या कधीच शिकल्या होत्या.

चार दिवसांत बाहेरची खोली तुंबली. एक गृहस्थ गाल सुजवून आले. त्यांनी मधलीच एक दीपस्तंभाची कथा उघडून तीन पानं वाचली, कण्हले, आणि सिस्टरना म्हणाले, “बाई, हा दीपस्तंभवाला अजून जिना चढतोय. मला आत जाऊ द्या हो.”

“कथा झाली का?”

“माझी व्हायची वेळ आली!”

असं म्हणून ते तिरीमिरीत उठले आणि पुस्तक हातात तसंच घेऊन रस्ता ओलांडून थेट समोर गेले.

समोर म्हणजे समोरच्याकडे. समोरच्या इमारतीतही एक दाताचे डॉक्टर होते आणि त्यांचं नाव या दवाखान्यात कोणी घेत नसे. भांडणाचं मूळ अगदी शास्त्रीय होतं. डॉक्टरांनी दारावर प्लॅस्टिकची एक मोठी दाढ लावली. समोरच्याने त्याहून मोठी लावली. डॉक्टरांनी आपल्या दाढेत दिवा बसवला. समोरच्याने आपली दाढ फिरती केली. त्यानंतर बारा वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. दाढा मात्र समोरासमोर टांगलेल्या होत्या, एक चकाकत, एक गरगरत.

“पेशंट गेला,” सिस्टरनी वर्दी दिली.

“पण पुस्तक घेऊन गेला ना?” डॉक्टर म्हणाले. मेहुण्याने तर त्याच दिवशी जाहिरात टाकली: ‘वाचकांनी अक्षरशः पळवलेलं पुस्तक!’

महिना मात्र जाहिरातीला दाद न देता संपत आला. शेवटचे दोन दिवस उरले आणि डॉक्टरांची स्वतःची दाढ ठणकायला लागली. डावीकडची, खालची, शेवटची. जगातल्या सगळ्या दाढा काढता येणाऱ्या माणसाला आपली एक काढता येत नाही. त्यांचा नेहमीचा डॉक्टरमित्र परगावी गेला होता. लवंगेचा बोळा झाला, गोळ्या झाल्या, मिठाच्या गुळण्या झाल्या. गालावर हात ठेवून बसलेल्या डॉक्टरांकडे बघून बाई म्हणाल्या, “अगदी पुस्तकावरच्या फोटोसारखे दिसताय. समोर जा.”

“मेलो तरी जाणार नाही.”

तासाभराने त्यांनी सिस्टरना हाक मारली. “जरा बघा, समोर वेळ मिळते का. माझं नाव नका सांगू.”

“मग काय सांगू?”

“काहीही सांगा.”

सिस्टर फोन करून आल्या. “पाच वाजता बोलावलंय. एक लेखक आहेत म्हणून सांगितलं.”

डॉक्टर मागच्या गल्लीतून, रुमालाने अर्धं तोंड झाकून गेले. समोरच्याने स्वतः दार उघडलं. तो क्षणभर बघत राहिला, मग बाजूला झाला.

“या, लेखक.”

पुढचं सगळं पटापट झालं. डॉक्टर खुर्चीत आडवे झाले, वर दिवा लागला. समोरच्याने दाढ तपासली, “रूट कॅनाल करावं लागेल” म्हणाला, भुलीचं इंजेक्शन दिलं, गालात कापसाचे दोन बोळे खुपसले, लाळ ओढायची नळी ओठाला अडकवली. डॉक्टरांना कबूल करावं लागलं, की हात हलका आहे. मग समोरच्याने स्टूल जवळ ओढलं.

“डॉक्टर, एक विचारायचं होतं. बरेच दिवस मनात आहे.”

“आं?”

“मग विचारलंत का वहिनींना?”

“आं?”

“अहो, त्या दीपस्तंभाच्या कथेत. एकाला मारायचं होतं ना तुम्हाला?”

समोरच्याने खणातून ‘किडका चंद्र’ काढला. गाल सुजलेल्या गृहस्थांनी पळवलेला तोच. मुखपृष्ठ वाकलेलं, पानापानांत दात कोरायच्या काड्या खुणेला घातलेल्या. त्याने सत्त्याऐंशीवं पान उघडलं आणि खणखणीत आवाजात वाचलं:

“‘धाकट्या भावाने दार ढकललं. थोरला दिव्यापाशी उभा होता. बारा वर्षांनी दोघं एकमेकांकडे बघत होते. इथे एकाला मारावं लागेल. कोणाला? हिला विचारावं का? नको, ही हसेल. आधी दुपारचे पेशंट उरकू. आणि मग समुद्र शांत झाला.’”

भुलीने डॉक्टरांचा अर्धा जबडा बधिर झाला होता. उरलेला अर्धा आता झाला. लिहिताना अडलं, की ते मजकुरातच स्वतःसाठी असं काहीबाही टिपून ठेवायचे आणि नंतर खोडायचे. खोडलेली प्रत घरच्या कॉम्प्युटरवर होती. छापखान्यात गेली ती दवाखान्यातली, न खोडलेली. छापखानेवाला म्हणालाच होता, “डॉक्टर, आम्ही येईल तसं छापतो. वाचायला लागलो तर धंदा बसेल.” तपासायला प्रत मेहुण्याकडे होती. त्याने ती दोनदा वाचली होती. निदान तसं सांगितलं होतं.

म्हणजे सासरेबुवा, चुलत भाऊ, माजी प्राचार्य, पाच ताऱ्यांची ती अख्खी आकाशगंगा! एकालाही दुपारचे पेशंट दिसले नव्हते. आणि या माणसाला दिसले होते.

“मला आधी वाटलं ही काहीतरी नवीन तऱ्हा असेल,” समोरचा म्हणाला. “म्हणून परत वाचली. तिसऱ्यांदा वाचली तेव्हा कळलं, की तुम्ही अडलात. राग नाही ना? पुस्तक शेवटपर्यंत वाचलं. बाकी पहिल्या तीन कथा वाईट आहेत. सगळे आपले खिडकीतून बाहेर बघत असतात. एवढं काय असतं हो बाहेर?”

“आं,” डॉक्टर म्हणाले.

“पण दीपस्तंभवाला जमलाय. दोघं भाऊ बारा वर्षं बोलत नाहीत आणि कारण काय, तर दिव्याची काच कोणी पुसायची. हे मला फार पटलं.”

खिडकीबाहेर एक दाढ चकाकत होती आणि एक गरगरत होती. डॉक्टरांनी ही कथा लिहिली तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे समुद्र होता. निदान त्यांची तशी समजूत होती. समुद्र त्यांनी एकदाच पाहिला होता, ही खिडकी मात्र रोज.

डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. दाढेला अजून कोणी हातसुद्धा लावला नव्हता.

“दुखतंय?”

डॉक्टरांनी नाही म्हणून मान हलवली.

“मग भूल पुरती चढेपर्यंत जरा वेळ आहे,” समोरचा म्हणाला आणि त्याचा आवाज एकदम लाजरा झाला. त्याने खालच्या खणातून कागदांचा एक गठ्ठा काढला. गठ्ठा इतका जाड होता, की तो मांडीवर घेताना स्टूल करकरलं. “मीही थोडंफार लिहितो. कोणाला दाखवलं नाही अजून. कादंबरी आहे, पाच भागांत. हा पहिला. तुमच्यासारख्या जाणकाराने ऐकावं अशी फार इच्छा होती.”

डॉक्टरांनी उठायचा प्रयत्न केला. नळी ओठाला, बोळे गालात, खुर्ची मागे कललेली.

समोरच्याने घसा खाकरला. “‘प्रकरण पहिलं. ती खिडकीतून बाहेर बघत होती.’”

आणि पान संपल्यावर त्याने आशेने विचारलं, “कसं वाटतंय?”

“आं,” डॉक्टर म्हणाले.

“आवडलं?”

“आं आं.”

घरी आले तेव्हा डॉक्टरांचं तोंड एका बाजूला कललेलं होतं आणि चेहऱ्यावर कुठलासा आनंद होता, तोही कललेलाच.

“वाचक मिळाला,” ते म्हणाले. बधिर ओठातून ते ‘वाफक मिवावा’ असं काहीतरी आलं, पण तीस वर्षांच्या संसारात बाईंनी याहून अवघड बोलणी समजून घेतली होती.

“कोण?”

“समोरचा. नात्यातला नाही. आणि खुर्चीत तो नव्हता, मी होतो. शेवटपर्यंत वाचलंय त्याने, काड्या घालून, आणि दीपस्तंभाची कथा तर तीनदा.” मग त्यांनी सत्त्याऐंशीवं पान उघडून बाईंपुढे धरलं. “तू कधी वाचलंस का हे?”

“मी नात्यातली. मी वाचून काय उपयोग?” म्हणत बाईंनी चष्मा लावला. त्यांनी ओळी वाचल्या, परत वाचल्या, आणि मग त्या हसल्या. खोक्याला टेकून, पदर तोंडाशी नेऊन, पोट धरून हसल्या. स्वयंपाकघरातल्या मुलांनी गणितं सोडून माना वर काढल्या. डॉक्टर उभे राहून बघत होते. ज्या हसण्याला घाबरून त्यांनी दोन भावांना दारात ताटकळत ठेवलं होतं ते हसणं हेच, आणि त्यात भिण्यासारखं काही नव्हतं.

“बरं, मग आता सांग,” ते म्हणाले. “कोणाला मारू?”

“कोणाला मारता! इतक्या वर्षांनी धाकटा जिना चढून आलाय. दोघांना एकेक फडकं द्या आणि काच पुसायला लावा.”

डॉक्टरांनी खिशातून पेन काढून तिथेच, खोक्यावर पुस्तक ठेवून, समासात ते टिपून घेतलं.

“बोलल्याप्रमाणे खोके मी हलवते,” बाई म्हणाल्या. “दुसरं पुस्तक काढा. पण छापायच्या आधी समोर वाचायला पाठवा, तुमच्या मेहुण्याला नको. आणि दाढेचं काय झालं?”

“अजून तीन वेळा जायचंय.”

“तीन? एका दाढेला?”

“दाढेचं एकदाच आहे,” डॉक्टर गालावर हात ठेवून म्हणाले. “बाकीचं कादंबरीचं.”