कोळशाची साक्ष

"अण्णासो, ह्यो दोर माझ्या लिंबाला कुणाच्या परवानगीनं बांधला रं?"

बाळासो वकील दारात दात घासत उभा होता. तोंडात फेस, खांद्यावर टॉवेल आणि डोळे समोरच्या फ्लेक्सवर. फ्लेक्सवर निशा. काळा कोट, पांढरा बँड, हाताची घडी. खाली 'पिंपळखडीच्या कन्येचे हार्दिक स्वागत' आणि त्याच्याही खाली गावातल्या अठरा जणांचे पासपोर्ट साइज फोटो. त्या अठरांत आपण नाही, हे बाळासोनं पहिल्या नजरेतच मोजून घेतलं होतं.

शिडीवरनं सरपंच अण्णासो म्हणाला, "वकीलसाब, लिंब तुमचा आसला तरी फांदी रस्त्यावर आलीया की. उद्या कमिटी यायचीय गावात. जरा शोभा नगं व्हय?"

"शोभा करा, न्हायतर तमाशा करा. माझ्या झाडाला फास लावायचा न्हाय. सोडतोस का आणू विळा?"

अण्णासो हसला आणि तिथंच चुकला. बाळासोनं खरंच विळा आणला आणि दोर कापला. फ्लेक्सची एक बाजू सुटून निशाचा निम्मा चेहरा खाली लोंबायला लागला. अण्णासोनं शिडी उचलली आणि फ्लेक्स लाइटीच्या खांबाला नेऊन बांधला. आता तो बाळासोच्या खिडकीतनं पहिल्यापेक्षा जास्त दिसायला लागला.

आतनं बायको तानाबाई म्हणाली, "अवो, गॅस संपत आलाय. आज तुमास्नीच चुलीवर ठिवायला पायजे. चार भाकरी आरामात भाजतील."

"तू गप."

"मी गपच हाय. धूर तुमच्यातनं निघायलाय."

आता ह्याचं जळणं कुठलं, ते सांगायला पाहिजे. पिंपळखडीचं गायरान म्हणजे ओढ्याकाठचा चाळीस एकराचा माळ. पोरं तिथं सूरपारंब्या खेळली, म्हसरं तिथं चरली, ओढ्याच्या पाण्यावर निम्म्या गावाच्या विहिरी जगल्या. त्याला लागून अंबादास ठेकेदाराची पट्टी. अंबादासचे डंपर रोज यायचे आणि कुठल्या कुठल्या फौंड्र्यांची म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यांची जळकी काळी वाळू तिथं ओतून जायचे. ढिगारा वाढत वाढत ओढ्यात उतरला. पाणी शाईगत काळं झालं. तानाबाईची म्हैस ओढ्यावर जायची, वास घ्यायची आणि तशीच मागं फिरायची. विचारलं तर अंबादास म्हणायचा, "माझ्या रानात मी भराव टाकलाय. गायरानाची हद्द पल्याड हाय. त्यो बघा धोंडा."

ह्या अंबादासवर बाळासोनं बारा वर्षांमागं दावा लावला होता. गावासाठी, एक पैसा न घेता. हे त्याचं पुण्य कुणी नाकारू नये. बारा वर्षं तो स्कूटरवरनं पेठ वडगावला जायचा, तारीख घेऊन यायचा. त्याचे दोन साक्षीदार वारले. तिसरा लेकीकडं इचलकरंजीला जाऊन राहिला आणि त्याला आता पोरीचं नावसुद्धा आठवत नव्हतं. ढिगारा तेवढा दर वर्षी उंच होत गेला.

आणि ही निशा! शालनची धाकटी लेक. पुण्यात शिकली, कोल्हापूरला राजारामपुरीत एका दवाखान्याच्या वर ऑफिस थाटलं. घरवाटणी नाही, मारामारी नाही, फक्त जमीन, ओढे, गायरानं ह्यांच्याच केसी घ्यायची. वर्षामागं तिनं पुण्याच्या हरित न्यायाधिकरणात अर्ज टाकला आणि दुसऱ्या तारखेला जागेवर जाऊन बघायचा आदेश आणला. दुसऱ्या तारखेला! बाळासोला ते ऐकून दोन दिवस जेवण गेलं नाही. वर हिची आई आपल्या रानात तण भांगलायला यायची, बौद्धवाड्यातनं सकाळी सातला बांधावर हजर व्हायची, हेही त्याला आठवायचं. तोंडानं तो तसलं कधी बोलला नाही. पण मनात आलं नाही म्हणेल तर खोटं बोलेल.

त्याच संध्याकाळी निशा घरी आली. बरोबर शालन होती. ती पायरीवरच टेकली.

"बाळासोकाका, एक विचारायचं होतं."

"इचार की. आता मोठ्या वकिलांस्नी आमी काय सांगणार म्हणा."

तिनं ते ऐकून सोडून दिलं. "अंबादासनं हद्दीचा दगड हलवलाय. उद्या सरकारी मोजणीदार मशीन घेऊन येणार. मशीन चोख मोजतं, पण सुरुवात पक्क्या खुणेपासून करावी लागते आणि जुन्या नकाशात पक्की खूण म्हणून तोच दगड आहे. त्याच्या आत्ताच्या जागेवरून मोजलं तर सगळी वाळू अंबादासच्या रानात जाते. मूळची जागा तुम्हाला माहीत असेल. तुमचे वडील तेव्हा पोलीस पाटील होते ना?"

माहीत असेल म्हणजे काय? बाळासोच्या डोळ्यांपुढं तो दिवस लख्ख उभा राहिला. चाळीस वर्षं झाली असतील. मोजणीदारानं खड्डा काढायला लावला, त्यात टोपलीभर कोळसा आणि फुटक्या मडक्यांची खापरं ओतली आणि वर धोंडा रोवला. बाप म्हणाला होता, "बाळ्या, ध्यानात ठिव. धोंडा कुणी बी हलवंल. कोळसा कुजत न्हाय आन् त्यो चोरायचं कुणाला सुचत बी न्हाय." जागा बापानं पावलांनी मोजून दाखवली होती. हे सगळं बारा वर्षांत कोर्टापुढं न्यायला तिथली केस त्या टप्प्यावर कधी आलीच नव्हती.

ओठांवर आलेलं बाळासोनं गिळलं. "चाळीस वर्सं झाली गं पोरी. मला काय आठवतंय?"

"थोडंसुद्धा नाही?"

"आता वय झालं."

निशानं आईकडं बघितलं. शालन उठली, पदर सारखा केला आणि बाळासोच्या तोंडाकडं जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "चल. वकीलसाब इसरल्यात. जयभीम, वकीलसाब."

त्या गेल्या तशी तानाबाईनं चहाचा कप असा आपटला की निम्मा बशीत सांडला. बाळासोला ते तिच्या टोमण्यांपेक्षा जास्त लागलं. तो उठून पारावर गेला, तर तिथं नेमका अंबादास. बारा वर्षांत ज्याच्या सावलीला उभा राहिला नव्हता, त्याच्या शेजारी बाळासो जाऊन बसला. बघा, जळणं माणसाला कुठं नेऊन बसवतं!

"काय वकील, आली हुती म्हणं पोरगी?" अंबादासनं तंबाखूची डबी पुढं केली.

"आलती."

"मग? काय सांगतलं?"

"काय न्हाय." बाळासोनं चिमूट घेतली. "उद्या बघू की तिची फजिती. लई शानी झालीया."

अंबादास मोठ्यानं हसला. बाळासो हसला नाही. तंबाखू त्याला कडू लागली.

सकाळी दहालाच ऊन चटकायला लागलं. तीन जीपगाड्या माळावर येऊन थांबल्या. प्रदूषण मंडळाच्या मॅडम, नायब तहसीलदार, केस पिकलेला मोजणीदार आणि त्याचं तीन पायांचं मशीन. अंबादासच्या बाजूनं कोल्हापूरचा गुरुप्रसाद वकील. पांढरा शर्ट, काळा चष्मा, बुटाला वाळू लागू नये म्हणून बेतानं टाकलेलं पाऊल. सगळा गाव ओढ्याच्या काठानं उभा. बाळासो मुद्दाम लांब, विहिरीच्या कठड्यावर बसला. फजिती बघायची तर सगळं दिसलं पाहिजे.

गुरुप्रसादनं धोंड्यावर हात ठेवला. "साहेब, हा हद्दीचा दगड. इथून मोजा."

"हा हलवलेला आहे," निशा म्हणाली. "मूळच्या दगडाखाली कोळसा आणि खापरं पुरलेली असतात. ह्याच्याखाली बघा."

बघितलं. नुसता मुरूम.

"नसेल पुरला तेव्हा," गुरुप्रसाद म्हणाला. "तुमचा मूळ दगड कुठं होता, ते दाखवा तरी."

निशा चालत गेली आणि बाभळीपाशी थांबली. "इथं."

बाळासो कठड्यावरच दचकला. कोळशाचं हिला कळलंय, पण बाभळीपाशी? बाभळ तर तेव्हा उगवलीसुद्धा नव्हती! गड्यांनी पहार घातली, दोन हात खोल गेले. काही नाही.

"मग इथं असेल," म्हणून ती आणखी खाली सरकली. तिथंही काही नाही. बाळासोच्या जिवाला प्रथम गार वाटलं, खोटं कशाला बोला. गुरुप्रसाद घड्याळ बघायला लागला. नायब तहसीलदारांनी रुमालानं मान पुसली. "मॅडम, असं सगळा माळ खणत बसायचं का? गावात कुणी जाणतं माणूस नाही?"

"नाही, साहेब," निशा ठणठणीत आवाजात म्हणाली. "मी सगळ्यांना विचारलं. गावातल्या जुन्या माणसांना काही आठवत नाही. ह्या गायरानाचं आज माझ्याइतकं कुणालाच माहीत नाही."

झालं. बाळासोच्या मस्तकात तिडीक उठली.

"कुणालाच म्हाईत न्हाय?" तो कठड्यावरनं उडीच टाकून खाली आला. "अगं ए निशे! बारा वर्सं मी काय गवत उपटत हुतो व्हय? बाभळीपाशी म्हणं! बाज्जूला हो. सरका समदी!"

तो विहिरीच्या वरच्या पायरीवर जाऊन उभा राहिला. समोर ओढ्यापलीकडच्या बिरोबाच्या देवळाचा कळस नाकासमोर धरला आणि चालायला लागला. एक, दोन, तीन... ढिगाऱ्याच्या कडेची काळी वाळू पायाखाली आली, पाय घोट्यापर्यंत रुतले, तरी तो थांबला नाही. "...एकसष्ट. माझ्या बापाची ढांग लांब हुती, म्हणून आणि दोन." तिथं त्यानं चप्पल काढून ठेवली. "हितं खणा. न्हाय निघालं तर मिशी उतरतो."

गड्यांनी काळी वाळू ओढून काढली. खाली पिवळी माती लागली. मातीत पहार दोन वेळा गेली आणि तिसऱ्या वेळी खट्ट वाजली. खापर. मग दुसरं. मग एका गड्यानं मूठ वर काढली. मुठीत कोळसा, काल चुलीतनं काढल्यासारखा.

केस पिकलेला मोजणीदार गुडघ्यावर बसला. "साहेब, ही जुन्या मोजणीची खूण! नोकरीत दोनदाच बघितलीय मी." त्यानं मशीन तिथं उभं केलं, तिथनं अंतरं नकाशाशी ताडली आणि मान हलवली. "चोख बसतंय. सगळा ढिगारा गायरानात आहे."

गावातनं जो काय आवाज उठला! गुरुप्रसादनं चष्मा काढला. "माझी हरकत लिहून घ्या. हा साक्षीदार बाईंच्याच बाजूचा. ठरवून, पढवून आणलेला आहे."

गावकरी एकमेकांकडं बघायला लागले. कुणाच्या तरी तोंडून हसू फुटलं. पण ते हसू गावात पसरायच्या आत अंबादासचा तोल सुटला. तो तरातरा बाळासोच्या अंगावर गेला. "बाळासो, ही रं कसली जात तुझी? तिच्या नावानं बोटं मोडतोस, तिचा फ्लेक्स इळ्यानं कापतोस! काल पारावर माझ्याच डबीतली तंबाखू खाऊन काय म्हणालतास? तिची फजिती बघू म्हणालतास का न्हाय?"

"गप बसा हो!" गुरुप्रसाद खेकसला. पण बोललेलं काय परत तोंडात जातंय?

नायब तहसीलदारांनी पेन काढलं. "म्हणजे ह्यांचं आणि बाईंचं जमत नाही?"

"आख्ख्या गावाला इचारा!" अंबादास ओरडला. त्याला अजून कळलं नव्हतं.

पंचनामा लिहायला झाडाखाली टेबल टाकलं. बाळासो घाम पुसत एका बाजूला उभा राहिला, तोवर शालन पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"घ्या, वकीलसाब. तवा बी पानी मीच दिलतं तुमास्नी."

"कवा?"

"धोंडा रवला तवा. नवीन नवरी हुते मी. कोळशाची टोपली माझ्याच डोस्क्यावर हुती."

बाळासोच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "म्हंजे तुला जागा ठावं हुती?"

"तुमच्या चपलंएवढी नेमकी."

"मग लेकीला सांगतली न्हाईस? बाभळीपाशी काय नाचत हुती ती?"

शालननं निशाकडं बघितलं. निशा टेबलापाशी मान खाली घालून कागद लावत होती, पण तिच्या गालावरचं हसू बाळासोला दिसलं.

"आईची साक्ष कोण धरतंय, वकीलसाब? तुमी धरली आसती का? आन् तुमची तर काल घरी यिऊन मागितली, तवा दिली न्हाईसा. मी म्हणलं, निशे, तू चुकीचं दाव आन् मलाच लई कळतंय म्हण. वकीलसाब बसायचे न्हाईत. तुमच्या रानात यीस वर्सं भांगललंय. माणूस कळतं की."

बाळासोला रागवायचं होतं. चांगलं खच्चून रागवायचं होतं. पण डोक्यात एकच गोष्ट घोळत राहिली. बारा वर्षं आपण साक्षीदार हुडकत हिंडलो, आणि ही बाई, जिनं आयुष्यात कोर्टाची पायरी बघितली नाही, तिनं साक्षीदार कसा बोलता करायचा ते बांधावर वाकून शिकून घेतलं. काल तो लेकीवर जळत होता. आज आईवर जळायला लागला.

"काका, सही," निशानं हाक मारली.

तो टेबलाशी गेला. वकील माणूस, न वाचता सही करणार नाही. चष्मा लावून त्यानं ओळ न् ओळ वाचली. मोजमापं बरोबर होती, कोळसा आला होता, खापरं आली होती. शेवटी नायब तहसीलदारांच्या गोल अक्षरांत लिहिलं होतं, 'सदर खूण श्री. बाळासो यांनी दाखविली. सदर इसमाचे अर्जदाराशी वाकडे असून ते तिचा मत्सर करतात, असे ठेकेदाराने स्वतः सर्वांसमक्ष सांगितले. सबब त्यांची साक्ष निःपक्ष समजण्यात यावी.'

"ह्ये... ह्ये मत्सराचं काढता येतंय का?" बाळासोनं हळूच विचारलं.

"काका, त्याच्यावरच तर केस उभी आहे," निशा म्हणाली.

बाळासोनं सही केली. नायब तहसीलदारांनी कागद पुढं ओढला आणि शाई वाळायच्या आत त्यावर धाडकन शिक्का मारला. बारा वर्षांत बाळासोच्या एकाही कागदावर इतक्या लवकर शिक्का पडला नव्हता.