आतलं हॉटेल आणि बाहेरचं हॉटेल

दोन्ही हॉटेलांची नावं इंग्रजी होती आणि उदगीरच्या जिभेला जड, म्हणून बसमधून उतरल्या उतरल्या लोकांनी एकाला ‘आतलं’ आणि दुसऱ्याला ‘बाहेरचं’ म्हणून टाकलं. आतलं म्हणजे पार्काच्या कमानीच्या आत, पाळण्यांच्या आणि लाटांच्या तलावाच्या शेजारी. बाहेरचं म्हणजे रस्ता ओलांडून, पंक्चरच्या दुकानाला लागून. बी-बियाणं आणि औषधं विकणाऱ्या एका कंपनीनं मराठवाड्यातल्या आपल्या दुकानदारांना बायकापोरांसकट हैदराबादजवळच्या त्या पार्कात सहलीला आणलं होतं. ज्यानं जास्त माल खपवला तो आत, ज्यानं कमी खपवला तो बाहेर. माणसं निवडायला कंपनीला एवढी चाळणी पुरत होती.

उदगीरची शरणम्मा चाळणीतून खाली पडली होती आणि हदगावला दिलेली तिची थोरली बहीण रत्नम्मा वर राहिली होती. दोघींच्या नवऱ्यांची कृषी सेवा केंद्रं, दोघांकडं याच कंपनीचा माल. पहिल्या दुपारी रत्नम्मानं धाकटीला मुद्दाम आत नेऊन आपली खोली दाखवली.

“हे बघ, टावेलाचं बदक केलंय.”

“बदकानं अंग पुसायचं व्हय, अक्का?”

“शोभेला असतंय ते! तुमच्याकडं काय हाय?”

“आमच्याकडं दोघांत एक टावेल हाय. पण टावेलच हाय.”

रत्नम्मानं मग न्हाणीघराचं दार उघडलं. आत माणूस आडवा झोपेल असा पांढराशुभ्र टब होता आणि टबाच्या वर पाटी होती : ‘या भागात दुष्काळ आहे. कृपया पाणी जपून वापरा.’ शरणम्मानं पाटी वाचली, टब बघितला, पुन्हा पाटी वाचली.

“ही पाटी तुझ्यासाठी लावली का टबासाठी?”

“तुला कुठंबी खोटच दिसती बघ, शरणे.”

खोट बघणं हा शरणम्माचा धंदाच होता. दुकानाच्या गल्ल्यावर ती बसायची, आणि मोंढ्यात माल घ्यायला गेली की पोत्याच्या तोंडाशी दिसणाऱ्या टपोऱ्या दाण्यांकडं ढुंकूनही न बघता कोपरापर्यंत हात घालून तळाची मूठ बाहेर काढायची. हॉटेलंही तिनं तशीच बघितली. आतल्या हॉटेलच्या जमेला मऊ गाद्या, गारवा आणि नाश्त्याला मोजता येणार नाहीत एवढे पदार्थ. नावे टाकायला मागचं दार. तिथं एक टँकर रिकामा होऊन बाहेर पडला की दुसरा आत शिरत होता, आणि पुढच्या बाजूला तलाव ऐटीत लाटा मारत होता. बाहेरच्या हॉटेलातही तलाव होता, म्हणजे निळा रंग दिलेला खड्डा होता. त्यात गाद्या वाळत घातल्या होत्या. पण तिथल्या मॅनेजरनं आल्या आल्या स्वतःहून सांगितलं होतं, “अम्मा, नळ फक्त सकाळी. बादल्या भरून ठेवा.” एवढ्यावर शरणम्मानं त्याच्या बाजूनं निकाल देऊन टाकला. नाही ते आहे म्हणून तो विकत नव्हता.

तिची सासू लक्ष्मम्मा तर बाहेरच्या हॉटेलावर बेहद्द खूष होती. ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं तो हा उन्हाळा. उदगीरचा नळ कधी यायचा हे नळालाही ठाऊक नव्हतं. इथं माणशी भरलेली बादली मिळताच म्हातारी सकाळ-संध्याकाळ न्हायला लागली. “हितंच ऱ्हाऊ की,” ती म्हणायची. खूष नव्हती ती एकटी सिंधू, शरणम्माची पोरगी, यंदा पाचवीत गेलेली. बाहेरच्यांच्या मनगटाला निळा पट्टा होता आणि निळ्या पट्ट्याला लाटांच्या तलावात मज्जाव होता. मावसभाऊ लाटेवर उलटेपालटे होत होते आणि ती जाळीला नाक लावून बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीचे रीजनल साहेब रस्ता ओलांडून बाहेरच्या हॉटेलात आले. माणूस पुण्याचा, शर्टाला सुरकुती नाही. शरणम्माच्या नवऱ्याच्या, विरूपाक्षच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला.

“आप्पा, तुमच्यासारखा माणूस इथं शोभत नाही. आत एक खोली मोकळी ठेवलीय तुमच्यासाठी. आज संध्याकाळी सत्कार आहे. येत्या खरिपासाठी जे आपली पावडर उचलणार, त्यांना स्टेजवर फेटा. किल्ली तिथंच देतो.” मग आवाज उतरवून म्हणाले, “आणि उदगीर जिल्हा होणार, हे मी तुम्हाला काय सांगायचं? नवा जिल्हा म्हटला की नवा जिल्हा वितरक लागणारच.”

‘जिल्हा’ ऐकताच विरूपाक्षची मान ताठ झाली. त्या उन्हाळ्यात उदगीरला तालुका म्हणणं म्हणजे भांडणाला बोलावणं होतं. बस स्टँडजवळच्या टपरीवर कलेक्टर कचेरीची जागा रोज सकाळी ठरत होती आणि संध्याकाळी बदलत होती. त्या कचेरीच्या आसपास कुठंतरी विरूपाक्षला आपल्या नावाची पाटीही लागलेली दिसत असे.

राहिली पावडर. मातीत मिसळली की ती पाणी धरून ठेवते, पाऊस लांबला तरी पीक तगतं, असं कंपनीनं गेल्या साली सांगितलं आणि शरणम्मानं ते गल्ल्यावरून गिऱ्हाइकांना सांगितलं. पाऊस लांबला नाही, तो आलाच नाही. पावडर जमिनीत तशीच पडून राहिली, धरायला पाणीच नव्हतं. पावडर नेलेला देवर्जनचा शेतकरी गुंडप्पा भला दांडगा माणूस. तो ना भांडला ना रडला. दर बाजाराच्या दिवशी दुकानासमोर उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारू लागला, “वैनी, पावडर हाय का? घरच्या रांजणात टाकावं म्हणतो. पाणी धरतंय म्हणं. फकस्त पाणी तेवढं तुम्ही द्या!” सगळा बाजार हसायचा. दोन पिढ्यांच्या दुकानाला लोक ‘पावडरवाल्याचं’ म्हणू लागले. शरणम्मानं उरलेली पोती गोदामाच्या मागच्या भिंतीला लावली आणि विकायची बंद केली. म्हणून विक्री घटली, म्हणून निळा पट्टा.

दुपारी खोलीत पंखा गरम वारा ढवळत होता. शरणम्मानं विषय काढला.

“फेटा बांधून घेणार व्हय?”

“बांधला म्हंजे डोकं इकलं का?”

“डोकं न्हाई, शब्द इकला.”

ते दोघांनाही ठाऊक होतं. त्यांच्या मुलखात सही लोक विसरतात, फेटा विसरत नाहीत. चारचौघांत डोक्याला गुंडाळून घेतला की माणूस बांधला गेला. नंतर माल नको म्हणणाऱ्याला मोंढ्यात कुणी बसा म्हणत नाही. कंपनीलाही हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर तिनं कागदाच्या जागी कापड आणलं होतं.

“जूनला गुंडप्पा आला की काय सांगणार?” शरणम्मानं विचारलं.

“औंदा पाऊस चांगला हाय म्हणून राहिले.”

“पाऊस चांगला असंल तर पावडर कशाला? आन् नसंल तर पावडर कशाला?”

विरूपाक्षनं पोरीला पुढं केलं. “सिंधूचं तोंड बघ जरा. कालपासनं जाळीतून बघून राहिली लेकरू.”

हे मात्र शरणम्माला लागलं. तेवढ्यात लक्ष्मम्मा कॉटवरून म्हणाली, “आतल्या खोलीत बादली हाय का?”

“टब हाय, अव्वा.”

“त्यात बसायचं, आन् अंगाचा मळ अंगालाच लावून घ्यायचा? मला नगं बाबा.”

विरूपाक्ष हसला नाही. खिडकीकडं तोंड करून हळूच म्हणाला, “साहेबाला तोंडावर न्हाई म्हणणं मला जमत न्हाई. तुला म्हाईत हाय.”

खरं होतं. लग्नापासून त्या दुकानातला प्रत्येक नकार शरणम्मानंच दिला होता. होकार द्यायला विरूपाक्ष होता.

“मग मी म्हणते.”

“स्टेजवर? समद्या मराठवाड्यासमोर? माझी काय इज्जत ऱ्हाईल गं?”

शरणम्मानं नवं इरकल काढलं आणि झटकून नेसायला घेतलं.

संध्याकाळी आतल्या हॉटेलच्या हिरवळीवर स्टेज सजलं. हिरवळीला नुकतंच पाणी मारलं होतं आणि बायका चपला काढून त्या ओल्या गवतावर पाय टेकवून बसल्या होत्या. तालुक्यामागून तालुका पुकारला जात होता. हदगावचे मन्मथआप्पा, म्हणजे रत्नम्माचे यजमान, गुलाबी फेटा बांधून तुरा सावरत खाली आले. रत्नम्माची ओटी भरली गेली. मग माइक गरजला :

“आणि आता भावी उदगीर जिल्ह्याचे भावी वितरक, श्री. विरूपाक्षआप्पा, सपत्नीक!”

विरूपाक्षनं हो म्हटलं नव्हतं. नाही म्हटलं नव्हतं. साहेबांनी त्याची बेरीज हो अशी केली होती. टाळ्या पडल्या, तो उठला, शरणम्मा त्याच्या मागून चढली. फेटा बांधणाऱ्यानं कापडाचं एक टोक दातात धरून पहिला वेढा घातला. एक पोरगेली बाई नारळ आणि खण असलेलं तबक घेऊन शरणम्मापुढं आली.

“पदर पुढं करा ना, ताई.”

“थांब बाई. आधी बोलून घेते.”

ओटीला थांब म्हणणारी बाई त्या हिरवळीनं अजून बघितली नव्हती. कुजबुज सुरू झाली, तोवर शरणम्माच्या हातात माइक होता.

“समद्यांना शरणार्थ, नमस्कार. गेल्या साली उदगिरात पावडर इकली ती मी इकली. ह्यांनी न्हाई, गल्ल्यावर मीच असते. लोकांनी माझ्या शब्दावर नेली आन् उगवलं काहीच न्हाई. औंदा आमच्या दुकानात पावडर येणार न्हाई. सत्कार म्हणून फेटा असंल तर डोक्यावर घेऊ. पावडरीचा असंल तर सोडा म्हणते मी.”

साहेबांनी हसतच माइक काढून घेतला. सराव होता त्यांना. “वहिनी जरा भावनेच्या भरात बोलल्या. घरातल्या लक्ष्मीचा मान आहेच. पण निर्णय शेवटी आप्पांचा! काय आप्पा?”

फेटा अर्धा झाला होता. दोन वेढे डोक्याला, उरलेलं कापड बांधणाऱ्याच्या हातात. आणखी गुंडाळावं की थांबावं, हे न कळून तो बिचारा साहेबांच्या तोंडाकडं बघत होता. पहिल्या रांगेतून मन्मथआप्पा ओरडले, “साडूबुवा, हाव म्हणा की! येड्यावानी काय करून राहिले!”

शरणम्मानं नवऱ्याकडं बघितलं. पोत्याच्या तळाचं तिला कळायचं, पण या माणसाच्या तळाशी काय आहे हे एवढ्या वर्षांत तिनं कधी हात घालून बघितलं नव्हतं. त्याच्या कपाळावरचं भस्म घामानं ओघळत होतं. तो हो म्हणाला असता तर तिला तसंच खाली उतरावं लागलं असतं, आणि जूनमध्ये त्याच गल्ल्यावर बसावं लागलं असतं.

विरूपाक्षनं हात वर नेले. एक वेढा सोडला. मग दुसरा. बांधणाऱ्याच्या हातातून कापड ओढून घेतलं, दुकानातलं रिकामं पोतं घडी करावं तसं काठाला काठ लावून त्याची घडी घातली आणि ती तबकातल्या नारळावर ठेवली. तोंडानं ‘न्हाई’ तेव्हाही त्याला म्हणता आलं नाही. साहेबांना नमस्कार मात्र त्यानं वाकून केला.

दोघं खाली उतरले तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. रत्नम्मानं बहिणीला कोपराला धरून बाजूला घेतलं.

“काय केलंस गं हे? हातातला जिल्हा घालवलास!”

“जिल्हा सरकार देतंय, अक्का. ह्यांच्याकडं कुठं हाय तो?”

“आन् आमचं काय? आता समदे आमच्या फेट्याकडं बघून राहिले.”

“बघू दे की. बांधून घेतलाय ना?”

जेवणाच्या टेबलांपाशी साहेबांचा एक माणूस घाईघाईनं आडवा आला. “तुमची सोय तिकडं बाहेरच्या हॉटेलात केलीय. इथलं जेवण पावडरीचं बुकिंग केलेल्यांसाठी आहे.”

विरूपाक्ष लगेच मागं वळला. शरणम्मा वळली नाही. सिंधूच्या हातात तिनं ताट दिलं, लक्ष्मम्माच्या हातात दिलं, एक नवऱ्याच्या हातात कोंबलं आणि एक स्वतः घेतलं.

“भाऊ, हे जेवण पुढच्या सालचं न्हाई, मागच्या सालच्या इक्रीचं हाय. त्यात आमच्या गुंडप्पाचं सोयाबीन गेलंय. फुकट न्हाई खात आम्ही. वाढा.”

वाढप्यानं साहेबांच्या माणसाकडं बघितलं, मग ताटाकडं बघितलं, आणि पुरी वाढली.

ते चौघे कडेच्या टेबलावर बसले. बराच वेळ आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्याच राहिल्या. विरूपाक्षचा पहिला घास हातातच होता. मग मुदखेडचा एक दुकानदार, नवाकोरा फेटा डोक्यावर, ताट घेऊन आला आणि इकडंतिकडं बघत हळूच खुर्चीच्या टोकाला टेकला.

“वैनी,” तो शरणम्माकडं वाकून कुजबुजला, “तुमच्याकडंबी उगवलं न्हाई म्हणता?”

शरणम्मानं आपलं ताट सरकवून त्याला ऐसपैस जागा केली.

“नीट बसा आधी,” ती म्हणाली. “आन् मोठ्यानं इचारा.”