दर रविवारी आईचा आवाज

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, पण माझी गोष्ट मिरवण्यासारखी नाही. तरी ती सांगायलाच हवी.

१९८३ साली धाकू मयेकरांनी मला दुबईच्या बाजारातून आणले. ते बोटीवर खलाशी होते. रत्नागिरीजवळ आरे गावात त्यांचे घर. सारी वाडी मला बघायला लोटली. धाकूंची बायको सावित्री मला रोज पुसून ठेवी. त्यांची आठ वर्षांची लेक मालन माझ्यात शाळेच्या कविता म्हणून ठेवी. ते माझे कौतुकाचे दिवस होते.

दोन वर्षांनी सावित्रीला आजार जडला. मुंबईच्या इस्पितळात जाताना तिने मलाही बरोबर घेतले. खाटेवर बसून, धाप लागली की थांबत, ती लेकीसाठी एका कॅसेटमध्ये बोलली. "मालन, वेणी नीट घालतेस ना गो? सगुणाआत्याला त्रास देऊ नको हां."

पंधरा दिवसांत ती गेली. दिवसकार्य मुंबईतच उरकून धाकू मला घेऊन परतले. दारात मालन उभी होती.

"आई?"

धाकूंनी मला ओटीवर ठेवले. मग म्हणाले, "अजून बरी नाय झाली. तुझ्यासाठी कॅसेट पाठवलीन."

त्यांनी बटण दाबले आणि मी बोललो. गेलेल्या बाईच्या आवाजात मी त्या पोरीला खोटे सांगितले.

मग दर रविवारी तेच. कॅसेट थोडी थोडी वाजे. संपली की पुन्हा पहिल्यापासून. धाकूंची बहीण सगुणा तेव्हा चुलीकडे तोंड करून बसे. मालन एकदाही "हे मागे ऐकलंय" म्हणाली नाही. मला वाटले, पोर फसली.

एका दुपारी घरात कोणी नव्हते. मालनने कॅसेट उलटून कोरी बाजू लावली, रेकॉर्डिंगचे लाल बटण दाबले आणि हळूच म्हणाली, "आई, तू मेलीस ना? शाळेत सखूने सांगितलंन. मला कळलंय ते बाबांना सांगू नको. ते माझ्यासमोर हसतात नि परसात जाऊन रडतात. मी न्हाणीत रडते."

आता मला सारे ठाऊक होते. तरी पुढच्या रविवारी बटण दाबताच मी सावित्रीच्याच आवाजात बोललो. त्याची लाज अजून जात नाही.

त्यानंतरच्या रविवारी धाकूंच्या हातून कॅसेट उलटी लागली. लेकीचे शब्द शेवटपर्यंत वाजले. मालन भिंतीला चिकटून उभी होती.

"रागावलात?"

"नाय गो. तुझ्याकडे बघायची लाज वाटते."

"तिला दुखलं का?"

"दुखलं. शेवटचे दोन दिवस फार दुखलं. मी हात धरून होतो."

"मला का नाय नेलंत?"

"घाबरलो. चुकलं माझं."

दोघेही मोठ्याने रडले. तव्यावरची भाकरी तशीच टाकून सगुणा धावत आली आणि तीही रडली. संध्याकाळपर्यंत मालन विचारत राहिली. ठाऊक होते ते धाकूंनी सांगितले. जे ठाऊक नव्हते तिथे "ठाऊक नाय" म्हणाले.

मित्रांनो, आता माझ्या आतला रबरी पट्टा तुटला आहे आणि मी माळ्यावर धूळ खात पडलो आहे. मला दुरुस्त करा असे मी म्हणत नाही. एवढेच मागतो, घरातले माणूस गेले तर ते लहानांपासून लपवू नका. ते आपल्याच तोंडाने सांगावे. रडत, अडखळत का होईना.