शिवकुमारसाठी स्टिरिओ

माणूस निवृत्त झाला की त्याच्या सवयीही त्याच दिवशी ऑफिसात जमा करून घ्यायला हव्यात. आमचे हे, म्हणजे नंदकिशोर, चौतीस वर्षं सरकारी संशोधन संस्थेत ध्वनीच्या यंत्रांवर काम करून घरी आले आणि पाच महिन्यांत त्यांनी मला जीव नकोसा करून सोडला. तूरडाळीचा डबा खालच्या खणात का, याचं मला कारण विचारलं, तेही कागदावर. त्यामुळे स्टिरिओचं प्रकरण निघालं तेव्हा मी मनात म्हटलं, घाला बाबा त्यात डोकं, माझं स्वयंपाकघर तरी सुटेल. चूक तिथंच झाली, आणि ती माझी.

पीण्या औद्योगिक वसाहतीत माझा छोटासा कारखाना आहे. यंत्रं पाठवायला लागतात ती लाकडी खोकी आम्ही बनवतो. माणसं अकरा, ट्रक एक, आणि तो चालवणारा शिवकुमार. सोळा वर्षांत या माणसानं एक खोकं आपटलेलं नाही. होसूर म्हणा, तुमकूर म्हणा, म्हैसूर म्हणा, माल वेळेवर पोचणार. गिऱ्हाइकं मला ओळखत नाहीत, त्याला ओळखतात. तो गेला तर माझा धंदा लंगडा होणार, हे कळायला मला कुणा तज्ज्ञाची गरज नव्हती.

जूनमध्ये तो माझ्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, "अक्का, गाडीत एक स्टिरिओ हवा होता. साधाच. रस्त्यावरची नजर न काढता आवाज कमीजास्त करता आला पाहिजे."

सोळा वर्षांतलं हे त्याचं पहिलं मागणं. शिवाय एका मोठ्या वाहतूक कंपनीचा मॅनेजर त्याला दोनदा बोलावून गेला होता, ते माझ्या कानावर आलं होतंच. मला वाटलं, असेल गाण्याची हौस, होऊ दे पुरी. "एवढंच ना? या महिन्यात बसवून टाकू," मी म्हटलं.

घरी जेवताना यांना सांगितलं. हातातला घास हातातच राहिला.

"ट्रकच्या केबिनमध्ये इंजिनाचा आवाज किती असतो, ठाऊक आहे का तुला? स्टिरिओ असा उचलून आणायचा नसतो, विद्या."

"मग कसा आणायचा असतो?"

"पद्धतशीर."

झालं! पद्धतशीर म्हणजे जे. सी. रोडवरच्या तीन दुकानदारांकडून बंद पाकिटात दरपत्रकं मागवली. एका बिचाऱ्यानं पाकिटात नुसतं आपलं कार्ड घालून दिलं, त्याला अपात्र ठरवून चौथा शोधला. मग समिती नेमली. समितीत हे, शरच्चंद्र आणि त्रिविक्रम. तिघंही एकाच संस्थेतून निवृत्त झालेले, आणि तिघांनाही घरात कुणी काही विचारत नाही. समितीनं दोन बैठका घेऊन गुणांचा तक्ता केला. आवाजाची शुद्धता, साठ गुण. बांधणी, पंचवीस. दिसणं, दहा. हाताळायला सोपं, पाच.

"पाचच?" मी विचारलं.

"अहो वहिनी, पुस्तिका वाचली की सगळंच सोपं असतं," त्रिविक्रम म्हणाले. पुस्तिका इंग्रजीत होती आणि शिवकुमारला कन्नडशिवाय काही वाचता येत नाही. पण मी कुठं तोंड उघडलं? पाच महिन्यांत पहिल्यांदाच हे सकाळी शीळ घालत दाढी करत होते.

चाचणी एका रविवारी आमच्या जे. पी. नगरच्या घरी झाली. टीपॉयवर ट्रकची बॅटरी, तिला जोडलेले तीन सेट, भोवती वायरींचा गुंता. तिघं विद्वान डोळे मिटून शास्त्रीय गायन ऐकत बसले. "खर्ज काय गोल येतोय!" शरच्चंद्र म्हणाले, आणि उपम्याची दुसरी बशी पुढं ओढली. बॅटरी घेऊन आलेला शिवकुमार दाराशी उभा होता. बस म्हटलं तरी बसला नाही. दोन तास चाललेल्या त्या सभेत, बाबा रे, तुला यातला कुठला हवा, असं त्याला एकानंही विचारलं नाही. मीही नाही. मी कॉफी गाळत होते.

एक सेट एकाच गोल बटणाचा होता. तो जुनाट म्हणून बाद झाला. पहिला नंबर आला तो मोठ्या पडद्याच्या सेटचा. त्यात बोटानं सरकवायच्या तेरा पट्ट्या होत्या आणि प्रत्येक पट्टीनं आवाजाचा वेगळा भाग कमीजास्त व्हायचा. सेट बसवला, लिंबू कापलं, कुंकू लावलं. यांनी केबिनमध्ये बसून शिवकुमारला पाऊण तास शिकवलं. तो दर वाक्याला "सरी, सर", म्हणजे बरं सर, एवढंच म्हणत राहिला. हे खाली उतरले ते एखादं रॉकेट सोडून आल्यासारखे.

तीन आठवड्यांनी तुमकूरच्या एका गिऱ्हाइकाकडे मला जायचं होतं, म्हणून मी ट्रकमध्येच बसले. नेलमंगलाच्या अलीकडे रस्ता खणून ठेवलेला. फोनमधला नकाशा स्टिरिओतून बोलत होता, इकडे वळा, तिकडे वळा. मागून कुणी तरी हॉर्न वाजवला. शिवकुमारनं आवाज कमी करायला मान खाली घालून पडदा चाचपला, भलत्याच पट्टीवर बोट पडलं, आणि नकाशातली ती बाई केवढ्यांदा तरी ओरडली. त्याच क्षणी उजवीकडून एक स्कूटर, तिच्यावर आई आणि शाळेच्या कपड्यातली पोरगी. शिवकुमारनं असा ब्रेक मारला की मी पुढच्या काचेवरच गेले. स्कूटर वीतभर अंतरानं निघून गेली. मी त्याला वाट्टेल ते बोलले. त्यानं घाम पुसला आणि गाडी सुरू केली.

दुसऱ्या दिवशी मी एकटी जे. सी. रोडला गेले आणि तो जुनाट, गोल बटणाचा सेट विकत घेतला. दहा मिनिटं लागली. दहा! यांना सांगितलंसुद्धा नाही. तसाच कारखान्यात आणून शिवकुमारच्या हातात ठेवला.

त्यानं अंगठ्यानं बटण एकदा फिरवून पाहिलं. "चांगला आहे, अक्का," म्हणाला, आणि ट्रकची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली.

"हे काय?"

"मी त्या वाहतूक कंपनीत शब्द दिला. एक तारखेपासून जायचं."

"अरे, आता तर तुझ्या मनासारखा आणला! तिकडच्या गाडीत कसला एवढा सेट आहे?"

"तिकडच्या गाडीत सेट नाहीच."

माझं डोकं फिरलं. "मग काय सोनं लागलंय का तिथं? पगार?"

"पगार इथलाच." तो जरा घुटमळला. "तिथले मॅनेजर माझ्याशी दोन मिनिटं बोलले आणि म्हणाले, आधी कान दाखवून या. डॉक्टरकडे त्यांनीच नेलं. सोमवारी कानाला मशीन बसतंय. ते बसलं की फोनमधला नकाशा तसाच ऐकू येईल म्हणाले."

मी किल्ली परत त्याच्याकडे सरकवली.

"म्हणून मागितला होता, अक्का. नकाशा बोलतो ते ऐकायला आवाज मोठा लागतो, आणि मोठा ठेवला की मागचा हॉर्न कळत नाही. पटकन कमी करता आला असता तर निभावून नेलं असतं."

"मला का नाही सांगितलंस रे?"

"गाडी काढून घ्याल असं वाटलं."

नसती काढून घेतली, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. मी विचारलं, "कुठला कान?"

"डावा. चार वर्षं झाली."

ट्रकमध्ये ड्रायव्हरच्या डावीकडच्या सीटवर मी बसते. चार वर्षं तिथून मी या माणसापाशी कारखान्याचं, घरचं, यांचं, सगळं सगळं बडबडत आले, आणि घरी येऊन सांगत आले की माझं नीट ऐकून घेणारा माणूस जगात एकच आहे.